खाली सही

चला, शर्त लावू. गोष्ट मी सांगतो, शेवट तुमी ओळखा.

गोष्टीत एक रिटायर माणूस आहे, त्याची बायको आहे, सांगलीले दिलेली पोरगी आहे, अन् गोड बोलणारा एक एजंट आहे. झालं? आलं न हसू? मनात म्हटलं असन, "समजलं गा, पैसे बुडाले." अजी, एवढं सोपं असतं तं मी शर्त काहून लावली असती? पैसे गेले, हे तं मी आत्ताच सांगून देतो. पण पैशासंग अजून एक चीज गेली. ती ओळखा. आजपर्यंत कोणाले जमलं नाही.

मी पेन बोलून राहिलो. शाईचा पेन. काळं अंग, टोपीले पितळी क्लिप, दाताच्या चार खुणा. मले लिहिता येते, वाचता येत नाही. हसू नका. वाचल्याबिगर लिहून देणारे तुमच्या घरात बी असतीन, मी तं बिचारा पेन.

अन् पहिलेच सांगतो, मी भित्रा आहे. वरून लाख मस्करी करीन, पण मले दोन गोष्टीची लय भीती वाटते. एक नालीची अन् दुसरी कोऱ्या जागेची. दोनी कशा माझ्या मागं लागल्या, तेच आता ऐका.

जबलपुरात, घमापुरच्या एका दुकानात मी काचेच्या बरणीत उभा होतो. चौसष्ट साल होतं. तिथून गुणवंत ढोमणेनं मले साडेतीन रुपयाले विकत घेतलं. गुणवंत वर्ध्याकडून आलेला, खमरियाच्या फॅक्टरीत लागलेला, सव्वीस वर्षाचा गडी. तेव्हा पगाराच्या खिडकीपाशी सगळे अंगठा लावत. अंगठ्याची जांभळी शाई पुसाची कुठं, तं बाजूच्या भिंतीले. ती भिंत अशी झाली होती जसं कोणी जांभळं फोडून फोडून फासले. गुणवंतले त्या भिंतीची शरम वाटे. सुटी झाल्यावर शिकवाचा वर्ग असे, तिथं तीन महिने बसून तो एकच चीज शिकला. आपली सही.

काय सही होती महाराज! 'गुणवंत ढोमणे'. अन् शेवटच्या 'णे'ची मात्रा तो इतकी मागं ओढे, इतकी मागं ओढे, का ती पूर्ण नावावर छपरासारखी जाये.

पगाराच्या दिवशी बाबू म्हणे, "अंगूठा."

गुणवंत छाती काढून म्हणे, "नहीं साब, मैं सही करूँगा."

बाबू भडकला. "क्या सही करेगा? मैंने गलत क्या लिखा है?"

पूर्ण लाईन हसली. आता मराठीत सही म्हणजे दस्तखत, अन् हिंदीत सही म्हणजे बरोबर, हे त्या बाबूले कोण सांगणार? गुणवंतनं मले खिशातून काढलं, रजिस्टरवर छप्पर ओढलं, अन् भिंतीकडे पाहिलंच नाही. त्या दिवशी मले बी वाटलं का मी कोणीतरी आहे.

अशी आमच्या घरातली मराठी. जबलपुरात राहून अर्धी इकडची, अर्धी तिकडची. हे ध्यानात ठेवा, पुढं याचंच बिल आलं.

मी काही सीधा पेन नव्हतो. फोटो काढाच्या दिवशी बरोबर खिशात गळो. मोठा साहेब समोर असला का सुकून जाओ. गुणवंत झटकून झटकून परेशान, अन् साहेब निघून गेला का मी धो धो वाहो. विनताच्या लग्नात पाहुण्याची यादी लिहिली तं एका मामाच्या नावावर मी असा टपोरा थेंब सोडला का नावच गेलं. मामाले पत्रिका गेली नाही. नऊ वर्ष मामा बोलले नाहीत. मी खिशात बसून हसत होतो.

विनता म्हणजे गुणवंतची एकुलती पोरगी. गुणवंतले सही येत होती, पण फॉर्म भरणं जमत नव्हतं. सहावीपासून घरचे सगळे फॉर्म तीच भरे. तिच्या बोटात मी सुधरून राहो. ती सगळं लिहून घ्याची. पहिले नाव, मंग बापाचं नाव, मंग पत्ता, मंग रुपये आकड्यात, मंग रुपये अक्षरात. जिथं काही लिहायचं नसन तिथं आडवी रेघ. मंग म्हणाची, "बाबा, आता सही." दहा वर्ष मी ह्याच रस्त्यानं चाललो. म्हणून वाचता येत नसलं तरी मले इतकं समजते का सही सगळ्यात मागून चालते. गाडीच्या शेवटी गार्ड असते न, तशी. गार्ड पहिले निघून गेला अन् डब्बे मागून लागले, असं कधी पाहिलं?

शहाऐंशीत विनता सांगलीले गेली. घरातला फॉर्म भरणारा हात गेला.

पहिल्या दिवाळीले आली तं तिची भाषा इस्तरी केलेली. कुंदा, म्हणजे तिची माय, स्वयंपाकघरातून ओरडली, "विनू, साखरेचा डब्बा खाली आहे का पाय वो."

विनतानं फळीच्या खालून पाहिलं, पाट उचलून पाहिला. "खाली नाही गं आई, वर आहे."

"अवं वरच आहे, पण खाली आहे का?"

"रिकामा म्हण ना आई! खाली म्हणजे खाली. जमिनीकडे. तिकडे सगळे हसतात मला."

सगळे हसले. गुणवंत सगळ्यात जास्त हसला. मी बी. काय माहीत होतं का ह्याच शब्दानं आमचा गळा धरणं आहे.

आता शहाण्णव सालात या. गुणवंत अठ्ठावन्नचा झाला, जूनमधी रिटायर. फंड, ग्रॅच्युइटी, सगळं मिळून एक लाख ऐंशी हजार. महिन्याले पेन्शन वेगळी. पण फॅक्टरीचं क्वार्टर सोडा लागते, डिसेंबर संपता संपता. आयुष्यभर दुसऱ्याच्या छपराखाली राहिलेला माणूस. आता आपलं छप्पर पायजे होतं.

ते बी सापडलं. घमापुरात नर्मदाबाई म्हणून एकटी बाई होती. दोन खोल्या, अन् मागं एवढंसं आंगण. तिले घर विकून सिहोऱ्याले भावाकडे जायचं होतं. सौदा झाला एक लाख साठ हजाराले. पंधरा हजार बयाना, म्हणजे इसार, देल्ला. उरलेले एक लाख पंचेचाळीस हजार एकतीस डिसेंबरपर्यंत द्यायचे, तोपर्यंत तिचे कागद बी तयार होतीन. नाही देल्ले तं बयाना गेला. साधी लिखापढी होती. वीस हजार पोस्टात ठेवले, दुखण्याखुपण्याले.

कुंदा रोज त्या आंगणाची गोष्ट करे. क्वार्टर खालच्या मजल्यावर, समोर दुसरी इमारत, ऊन कधी आलंच नाही. "कणकेचे सरगुंडे करून वाळवीन," म्हणे. "खाट टाकून पाठीले ऊन घेईन. कोणाले विचारा लागणार नाही."

त्याच महिन्यात माझ्यावर संकट आलं. पेन्शनच्या कागदावर मी आपल्या सवयीनं थेंब पाडला. मोठा, गोल, सुंदर. कागद वापस आला. गुणवंतचे गुडघे दुखत, जूनचं ऊन, तीन चकरा झाल्या. तिसऱ्या चकरेहून आला, अन् घरात न जाता सरळ नालीपाशी गेला. मले टोपीपासून दोन बोटात धरलं अन् नालीवर लटकवलं. खाली काळं पाणी, त्यात भाजीचे देठ, अन् कोणाची तरी तुटकी कंगवी.

"बत्तीस वर्ष झाले तुह्या मस्करीले," म्हणे. "आता एक बी डाग पाडशील तं इथंच फेकून देईन. समजलं?"

समजलं. असं समजलं का माझ्यातली शाई थिजली. त्या कंगवीचे तीन दात अजून मले सपनात दिसतात.

पुढच्याच शनिवारी दुपारी रत्नाकर आला.

रत्नाकर आपल्याच समाजातला. गणपतीच्या मंडपात झांज वाजवणारा, तिशीतला, पांढरा शर्ट, खांद्याले झोला. एका फायनान्स कंपनीचं काम करे. नाव मी वाचलं नाही, मले येतच नाही, अन् आता तिथं चपलाचं दुकान आहे. कुंदानं चहा देल्ला, चिवडा देल्ला.

"काका, एक लाख पंचेचाळीस बँकेत ठेवून काय करून राहिले? झोपून आहेत ते पैसे."

"झोपू दे न," कुंदा म्हणे. "उठून गेले तं?"

"काकू बी न!" रत्नाकर हसला. "आमच्या कंपनीत ठेवा, व्याज पहा. मी काय परका आहे?"

गुणवंत म्हणे, "मले डिसेंबरात वापस पायजे बाप्पा. घर घ्यायचं आहे. सहा महिने, बस."

"हो हो. सहा. टेन्शन नका घेऊ काका."

झोल्यातून फॉर्म निघाला. पिवळट, चार पानी, मुंगीच्या पायासारखे अक्षर अन् लहान लहान चौकोन. रत्नाकर आठ दिवसापासून मागं लागला होता, म्हणून चेक तं गुणवंतनं बँकेतल्या बाबूकडून पहिलेच लिहून आणला होता. फॉर्म तेवढा राहिला होता.

"हे अंग्रेजी में है काका, बारीक काम आहे. मी घरी बसून आरामात भरून घेतो. तुमी फक्त इथं सही मारा."

गुणवंतनं मले काढलं. टोपी उघडली.

अन् मी पाहिलं. नावाची जागा कोरी. बापाच्या नावाची कोरी. रुपयाची कोरी, महिन्याची कोरी. चार पानं उघडे नागडे, अन् शेवटी एक रेघ माझी वाट पाहून राहिली. गार्ड पहिले, डब्बे मागून! माझ्या अंगावर काटा आला, म्हणजे पेनाच्या अंगावर जो काय येते तो.

आता मी तुमाले सांगतो, माझ्या निबेच्या टोकाशी त्या वेळेस थेंब तयार होता. भरलेला, जड, लोंबणारा. बत्तीस वर्षाची प्रॅक्टिस. फक्त सोडायचा होता. फॉर्म खराब झाला असता, रत्नाकरनं दुसरा आणाले सोमवार उजाडला असता, तोवर कोणीतरी काही बोललं असतं. एक थेंब, महाराज. जिंदगीभर मस्करीत सोडले, तो एक कामाचा होता.

पण मले नाली दिसली. कंगवीचे तीन दात दिसले.

मी थेंब गिळला.

अन् लिहिलं. असं लिहिलं जसं कधी लिहिलं नव्हतं. कुठं फाटलं नाही, कुठं सुकलं नाही. 'गुणवंत ढोमणे', अन् वरून छप्पर, इकडून तिकडे, एका दमात.

"वा काका!" रत्नाकर म्हणे. "छापल्यासारखी आली. एकदम सही!"

गुणवंत खुश झाला. मले पुसलं, प्रेमानं. "सुधरला लेकाचा," म्हणे.

रत्नाकर गेल्यावर कुंदा कप उचलत होती. थांबली. "अहो, त्यानं काही लिहिलं बी नाही, अन् तुमी सही करून देल्ली?"

"अंग्रेजी आहे. तो भरन न."

"विनू असं कधी करू देत नव्हती."

गुणवंतनं उरलेला चिवडा तोंडात टाकला. पण मी त्याच्या खिशात होतो. आतलं धडधडणं मले बाहेरून ऐकू येते. त्या दिवशी ते वाढलं.

दुसऱ्या दिवशी इतवार. सकाळीच दोघं घमापुरच्या एसटीडीवाल्याकडे गेले. इतवारी रेट कमी, तरी सांगलीले मिनटाचे अठरा रुपये पडत. काचेच्या डब्ब्यात गुणवंत उभा, बाहेर कुंदा, अन् वर लाल आकड्याचं मीटर पळून राहिलं होतं. फॉर्म अजून रत्नाकरच्या झोल्यातच होता. सोमवारी जमा होणार होता. म्हणजे अजून काही बिघडलं नव्हतं, हे पक्कं ध्यानात घ्या.

पहिलं मिनट तब्येतीत गेलं. दुसऱ्यात गुणवंतनं रत्नाकरची गोष्ट काढली.

"पैसे भरायच्या आधी फॉर्म नीट पाहिलात ना बाबा?" विनता तिकडून.

"पाहिला न. सही बी करून देल्ली."

"कुठं केलीत सही?"

गुणवंतचा आवाज बारीक झाला. त्याले सांगायचं होतं बिचाऱ्याले. पोरीसमोर शरम वाटे, तरी त्यानं सांगितलं. "खाली केली, बाई. खाली फॉर्म..."

"हां, खालीच करायची असते. शेवटच्या पानावर, खाली. बरोबर आहे."

"नाही, म्हणजे खाली..."

"कळलं हो बाबा, खाली. मग झालं तर. आईला द्या ना जरा."

मीटरवर त्रेपन्नचे चोपन्न झाले. तीन मिनट. गुणवंतनं मीटर पाहिलं. मी त्याच्या बोटाची पकड पाहिली. अजून एक मिनट घेतलं असतं तं 'रिकामा' हा शब्द त्याले आठवला असता. तो हसला होता त्या शब्दावर, विसरणार कसा? पण अठरा रुपये म्हणजे दोन दिवसाचं दूध.

"माय चांगली आहे तुही," म्हणे. "ठेवतो. पैसे उठून राहिले."

बाहेर येऊन कुंदाले म्हणे, "विनू म्हणते बरोबर आहे."

कुंदानं मोठा श्वास सोडला. मी खिशात होतो. बोलता आलं असतं तं ओरडलो असतो. पण आमी पेन लोकं दुसऱ्याचंच बोलणं लिहितो, आपलं कुठं बोलतो?

मंग सहा महिने कसे गेले, विचारू नका. कुंदा रोज आंगण झाडे, म्हणजे मनातच. दोनदा नर्मदाबाईकडे जाऊन वीत-वीत मोजून आली का खाट कुठं बसन. मी मात्र ज्या दिवशी खिशात कंपनीची रसीद असे त्या दिवशी त्या कागदापासून जरा दूर सरको. जाडसर रसीद होती, चकचकीत. तीवर आकडे होते. गुणवंतनं फक्त एक लाख पंचेचाळीस हजार तेवढं वाचलं. तेच वाचायचं होतं त्याले.

डिसेंबरच्या वीस तारखेले आमी कंपनीच्या ऑफिसात गेलो. दुसरा मजला, गुडघे धरून धरून गुणवंत चढला. टेबलावरच्या पोरीनं रसीद पाहिली, कपाटातून फॉर्म काढला.

"अंकल, ये तो बहत्तर महीने का है।"

गुणवंत हसला. त्याले वाटलं मस्करी आहे. "बेटा, छह महीने."

"छह साल, अंकल। देखिए, सेवेंटी टू लिखा है। और ये आपके दस्तखत।"

तिनं फॉर्म फिरवला. सगळे चौकोन भरलेले होते, निळ्या बॉलपेननं, सुंदर अक्षरात. अन् सगळ्याच्या शेवटी, काळ्या शाईत, मी. छप्पर ताणून. सहा महिन्यापूर्वी जितका सुंदर होतो तितकाच सुंदर. आपलं तोंड आपल्यालेच पाहू वाटू नये, असं मले पहिल्यांदा झालं.

गुणवंत खुर्चीवर बसला. मले त्याच्या छातीतलं काहीच ऐकू येईना. मी घाबरलो, म्हटलं गेला का माणूस! मंग हळूहळू धडधड वापस आली, पण तिची चाल बदलली होती.

रत्नाकर त्याच्याच घरी भेटला. नजर चिवड्याच्या ताटलीवर. "काका, तुमी 'सहा' म्हटलं होतं. मी सहा लिहिलं. सहा महिन्यात काय मिळते? मी तं तुमच्या भल्यासाठी..."

"माह्या भल्यासाठी?" गुणवंत म्हणे. "का तुह्या कमिशनसाठी?"

"सही तुमचीच आहे न काका?"

सही त्याचीच होती.

कुंदा दारात उभी होती. तिनं एवढंच म्हटलं, "रत्नाकर भाऊ, कागद खाली होता तं तुमी विचारून भरायचं होतं." शिवी देल्ली असती तं बरं झालं असतं.

नर्मदाबाई वाईट बाई नव्हती. वीस दिवस जास्त थांबली. मंग स्वतः क्वार्टरवर आली. पदराशी खेळत म्हणे, "मले बी भावाकडे जाणं आहे, गुणवंतभाऊ. त्यानं खोली बांधून ठेवली. मी किती थांबू?" घर दुसऱ्याले गेलं. पंधरा हजार बयाना लिखापढीप्रमाणे गेला. क्वार्टर खाली करा लागलं. पहा, इथं बी खालीच. घमापुरात एक खोली किरायानं घेतली, गल्लीच्या आत, जिथं ऊन खिडकीपर्यंत येते अन् तिथूनच वापस जाते.

कंपनी म्हणे, मुदतीच्या आधी पैसे पायजे तं कापून भेटतीन. पाच महिने चकरा झाल्या. शेवटी एक लाख सोळा हजार हातात आले. एकोणतीस हजार कापले. पुढच्या दोन वर्षात कंपनीच उठून गेली, तं लोकं म्हणतात गुणवंत सुटला. मी म्हणतो, सुटला असन.

उन्हाळ्यात विनता आली. सगळं ऐकलं. मंग म्हणे, "बाबा, तुम्ही खाली म्हणजे रिकाम्या फॉर्मवर म्हणत होतात?"

"हो."

"आणि मी म्हटलं बरोबर आहे."

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. फोनवर बी पुन्हा कधी घाई केली नाही. आता इतवारी बोलते तं बाप म्हणते पैसे उठून राहिले, अन् ती म्हणते, उठू द्या.

आता कान इकडे करा. मी मस्करीवाला माणूस, उपदेश मले शोभत नाही, पण भीतीनं सांगतो. जे पैसे सहा महिन्यात लागणार आहेत, ते दुप्पट कराले पाठवू नका, ते घरी पोचत नाहीत. फॉर्म कोणी बी भरो, तुमच्या समोर भरो, अन् महिने का वर्ष ते अक्षरात लिहून घ्या. 'सहा'चा काही भरोसा नाही. उद्याच पैसे पायजे झाले तं किती कापसान, हे पहिल्याच दिवशी विचारा, चहा पाजायच्या आधी. भरलेल्या फॉर्मची नकल मागा. जिथं काही लिहायचं नाही तिथं आडवी रेघ ओढा, कोरी जागा मोकळी सोडू नका, तीत कोणी बी येऊन राहते. अन् माणूस आपला आहे म्हणून कागद आपला होत नाही. भाषा तं त्याहून नाही. आपण काय बोललो ते नका पाहू, समोरच्यानं काय ऐकलं ते विचारा. अठरा रुपये लागतात, लागू द्या.

कुंदा आता गल्लीत ह्याच्यासाठी वळखली जाते. कोणी पेन्शनचा, कोणी बचतीचा फॉर्म घेऊन येते. ती चष्मा लावते, पानं उलटवते, बोट ठेवते. "इथं खाली आहे. इथं बी. पहिले भरा, मंग सही."

कोणी विचारते, "काकू, तुमाले वाचता येते?"

"नाही वो. पण खाली जागा दिसते मले."

मी तिच्या रसीदीच्या डब्ब्यात असतो. कधी कधी ती मले काढून त्या खाली जागेवर आडवी रेघ ओढते. तेवढंच काम. मस्करी मी सोडली. एक बी थेंब पाडत नाही. आता काय फायदा?

अन् तुमची शर्त? आलं का ओळखू?

त्या डिसेंबरनंतर गुणवंत पेन्शन घ्याले बँकेत गेला. मी खिशात. त्यानं मले काढलं, टोपी उघडली, रेघेवर ठेवलं. अन् त्याचा हात कापाले लागला. 'गु' आला, 'ण' तुटला, छप्पर अर्ध्यातच खाली पडलं. कॅशियरनं जुनी सही पाहिली, नवी पाहिली. "मिलती नहीं, बाबूजी।" दुसऱ्या महिन्यात बी तेच. तिसऱ्या महिन्यात बी. घरी कोऱ्या कागदावर पन्नास वेळा काढून पाहिली. घरी येते. रेघ दिसली का हात कापते.

चौथ्या महिन्यात कॅशियरनं जांभळ्या शाईचा पॅड सरकवला. चांगला पोरगा होता, हळू आवाजात म्हणे, "अंगूठा लगा दीजिए, बाबूजी। रोज-रोज की झंझट नहीं।"

गुणवंतनं अंगठा लावला. मंग पुसाले भिंत शोधली. बँकेची भिंत पांढरी, स्वच्छ. तो जरा वेळ तसाच उभा राहिला, अंगठा वर धरून. मंग शर्टाच्या खिशाले पुसला. तिथंच, जिथं मी बत्तीस वर्ष बसलो होतो. घरी येऊन मले काढलं अन् कुंदाच्या डब्ब्यात टाकलं.

तं हिशोब लिहून घ्या, मले येत नाही. चव्वेचाळीस हजार रुपये, अन् एक सही.